काव आणि चुना: एका भिंतीच्या वर्णपटीय परावर्तनाच्या नोंदी

१० नोव्हेंबर २०२४

देवळाच्या सभामंडपाची उत्तरेकडची भिंत आज उजेडात नीट पाहिली. जुनं कावी काम आहे: शिंपल्यांच्या चुन्याचा पांढरा गिलावा, त्यावर काव (लाल माती) मिसळलेला लाल थर, आणि तो ओला असतानाच लोखंडी काट्याने कोरून खालचा पांढरा उघडा करत काढलेल्या वेली, कमळं, हत्ती. शेवटी नदीतल्या गुळगुळीत गोट्याने घोटून आणलेली तुकतुकी अजून जाणवते. कोकण, गोवा आणि पुढे कारवारच्या पट्ट्यात अशा भिंती होत्या. बऱ्याचशा ऑइल पेंटखाली किंवा फरशांखाली गेल्या. ही टिकली आहे आणि ती जशी आहे तशी टिकावी, यासाठी हा सगळा खटाटोप.

सुरुवात एका डागडुजीमुळे झाली. काही वर्षांपूर्वी ओल लागून गुडघ्याच्या उंचीपर्यंतचा लाल थर सुटला होता. रंगाऱ्याने शेड कार्ड लावून अगदी जुळणारा लाल निवडला आणि पट्टा रंगवला. दिवसा दारातून ऊन येतं तेव्हा जुना लाल कुठे संपतो आणि नवा कुठे सुरू होतो ते दाखवावं लागतं. संध्याकाळी समया लागल्या की तोच पट्टा वेगळाच, भडक दिसायला लागतो. हे प्रथम आरतीला बसणाऱ्या बायकांच्या लक्षात आलं. देवस्थान समितीतल्या कुणाच्या नाही.

याचं कारण ठाऊक आहे. डोळा प्रकाशाचे तीनच हिशेब ठेवतो, आणि दोन निरनिराळे पदार्थ एका उजेडात तेच तीन आकडे देऊ शकतात. उजेड बदलला की सोंग उघडं पडतं. त्यामुळे डोळ्याने किंवा शेड कार्डाने जुळवून भागणार नाही. प्रत्येक तरंगलांबीला पृष्ठभाग पडलेल्या प्रकाशातला किती वाटा परत पाठवतो ते मोजायला हवं. तो वाटा म्हणजे वर्णपटीय परावर्तन. ते पदार्थाचं असतं, दिव्याचं नाही.

समितीने परवानगी दिली आहे. अटी रास्त आहेत: भिंतीला काही चिकटवायचं नाही, ओलं करायचं नाही, खरवडायचं नाही.

१६ नोव्हेंबर

मापनाची मांडणी ठरवली. महाविद्यालयातला छोटा फायबरचा स्पेक्ट्रोमीटर (प्रत्येक तरंगलांबीला किती प्रकाश आहे ते मोजणारं यंत्र) मिळाला आहे, सिलिकॉन सेन्सरचा, साधारण ३५० ते १००० नॅनोमीटर. दिवा १२ व्होल्टचा हॅलोजन. गावातली वीज वरखाली होते म्हणून तो बॅटरीवर, मध्ये स्थिर व्होल्टेजचा सप्लाय.

भूमिती पंचेचाळीस-शून्य ठेवली: प्रकाश भिंतीवर ४५ अंशांनी पडेल आणि फायबर सरळ समोरून बघेल. सुताराकडून सागवानाचा ठोकळा करून घेतला, दोन भोकांचा, आतून मॅट काळा. भिंतीकडच्या तोंडाला मऊ फेल्टची कडी आहे, म्हणजे ओरखडा नको आणि बाहेरचा उजेडही नको. दिसणारा ठिपका सुमारे ६ मिलिमीटरचा. कोरलेली रेघ याहून बारीक असते, तेव्हा रेघांचं मापन यातून होणार नाही. सपाट लाल आणि सपाट पांढरा, एवढंच.

या भूमितीचं खास कारण ती घोटाई आहे. घोटलेल्या पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश आरशासारखा, पदार्थाच्या आत न शिरताच परततो. पांढऱ्यावर ४ टक्क्यांनी फारसं बिघडत नाही. पण काव निळ्या टोकाला जेमतेम ७-८ टक्के परत देते. तिथे ही भर पडली तर वक्र, म्हणजे तरंगलांबीनुसार परावर्तनाचा आलेख, निम्म्याने खोटा. ४५ अंशांनी टाकलेल्या प्रकाशाची चकाकी पलीकडे निघून जाते, फायबरमध्ये येत नाही.

पांढरा संदर्भ: १० मिलिमीटर जाडीचा पीटीएफईचा तुकडा, म्हणजे नळवाल्यांच्या टेफ्लॉन टेपचाच पदार्थ. बारीक पॉलिश पेपरने पाण्याखाली घासून त्याची चमक घालवली आणि महाविद्यालयातल्या प्रमाणित फरशीशी ताडून दुरुस्तीचं कोष्टक केलं. हिशेब साधा आहे. भिंतीच्या वाचनातून अंधाराचं वाचन वजा करायचं, पांढऱ्याच्या वाचनातूनही तेच वजा करायचं, पहिल्याला दुसऱ्याने भागायचं आणि पांढऱ्याच्या स्वतःच्या परावर्तनाने गुणायचं. सगळं कौशल्य हे तीन आकडे शुद्ध मिळवण्यात आहे.

१७ नोव्हेंबर

तरंगलांबीची पट्टी तपासली. जुना सीएफएल दिवा यासाठी सोन्यासारखा आहे. त्यातल्या पाऱ्याच्या रेषा ४०४.७, ४३५.८ आणि ५४६.१ नॅनोमीटरला ठाम येतात, ५७७ आणि ५७९ची जोडी आमच्या यंत्रात एकत्र मिसळते. ६११ची उठावदार तांबडी रेषा दिव्याच्या आतल्या लेपातल्या (फॉस्फरमधल्या) युरोपियमची, पण ती रुंद असल्यामुळे हिशेबात धरली नाही. लाल टोकासाठी वेगळी युक्ती आहे. थंड सीएफएल लावल्या लावल्या पहिले काही क्षण आर्गॉनच्या रेषा दिसतात, ६९६.५, ७६३.५ आणि ८११.५. दिवा तापला की त्या विरून जातात, म्हणून आधी रेकॉर्डिंग सुरू करायचं आणि मग बटण दाबायचं.

भटका प्रकाशही मोजला. हॅलोजनमध्ये लाल उदंड आणि जांभळा नाममात्र असतो. यंत्राच्या आत इकडेतिकडे आपटलेला थोडासा लाल प्रकाश जांभळ्याच्या जागी पडला तरी तिथलं वाचन फसवं होतं. मध्ये नारिंगी काच धरली, जी ५०० नॅनोमीटरच्या खालचं काहीच सोडत नाही. तरीही खाली आकडे उरले, आणि ते सगळे भटके. यावरून नियम केला: हॅलोजनखालचा ४३० नॅनोमीटरच्या खालचा भाग निष्कर्षासाठी वापरायचा नाही. तिथे ऊन वापरायचं.

२३ नोव्हेंबर

पहिली खरी मापनं. दिवा वीस मिनिटं तापू दिला. दर थोड्या बिंदूंनंतर पुन्हा पांढरा, पुन्हा अंधार. बिंदू भिंतीवर खुणा करून ठरवता येत नाहीत म्हणून दोन टोकांना ओळंबे सोडून त्यांच्या दोरीपासून प्रत्येक बिंदूचं अंतर लिहून ठेवलं. पुढच्या वेळी त्याच जागी यायचं तर हे आवश्यक आहे.

भिंत अजून ओलसर आहे. जमिनीपासून हातभर उंचीवरचा पांढरा वरच्या पांढऱ्यापेक्षा सरसकट काळसर वाचला, आणि वक्राचा आकार मात्र तोच. ओल्या पृष्ठभागाचं हे काळवंडणं स्वीडिश शास्त्रज्ञ अँडर्स ऑंगस्ट्रोम यांनी १९२५ मध्येच समजावलं होतं. पाण्याच्या पातळ थराखालून परत निघालेला प्रकाश थराच्या वरच्या सीमेवर आतल्या आत परावर्तित होऊन पुन्हा भिंतीत जातो, आणि प्रत्येक फेरीत थोडा शोषला जातो. शिवाय छिद्रांत हवेऐवजी पाणी भरलं की कणांच्या कडांवर प्रकाश पूर्वीइतका उधळत नाही, आणखी खोल जातो.

म्हणून आजपासून प्रत्येक वक्राबरोबर चार गोष्टी लिहायच्या: तारीख, दिवा, भूमिती, भिंतीची ओल. यांतली एक जरी नसली तरी वर्षानंतर तो वक्र कुणाच्या कामाचा नाही.

१ डिसेंबर

लाल. आजचा दिवस फार भरीव गेला.

जुन्या कावेचा वक्र पाहताच ओळखता येतो. ४०० ते ५४० नॅनोमीटरपर्यंत जमिनीलगत, ५५० नंतर चढ, ६०० च्या पुढे चढ मंदावून एक खांदा, मग ७५० च्या आसपास माथा, आणि ८६० कडे पुन्हा खोलगट. हे हेमटाइट आहे, आयर्न ऑक्साइडचं खनिज. आमच्या सड्यावरच्या (पठारावरच्या) जांभ्याला लाल करतं तेच. ८६० ची खोली डोळ्याला दिसत नाही, कॅमेऱ्यालाही नाही, पण ती लोहाची सही आहे.

मग वक्राचा उतार काढला, म्हणजे दर नॅनोमीटरला परावर्तन किती बदलतं ते. हेमटाइटचा सर्वांत तीव्र उतार ५७० च्या आसपास हवा, तसा आला. शिवाय ४३५ आणि ५३५ जवळ दोन लहान उंचवटे दिसले. हे गोएथाइटचे, पिवळ्या आयर्न ऑक्सिहायड्रॉक्साइडचे. दळून गाळलेल्या मातीत ही दोन्ही खनिजं एकत्र असणारच. ४३५ चा उंचवटा आमच्या मर्यादेच्या कडेवर आहे, म्हणून भर ५३५ वर. अजून एक सावधगिरी: हेमटाइट जास्त झालं की गोएथाइटला झाकून टाकतं. उंचवटा दिसला तर ते आहे असं म्हणता येईल. दिसला नाही तर नाही असं ठामपणे म्हणता येणार नाही.

तुलनेसाठी हार्डवेअरच्या दुकानातला फरशीचा रेड ऑक्साइड चुन्यात कालवून मोजला. तोही हेमटाइटच, कारखान्यात केलेला. खांदा तोच, ८६० ची खोली तीच, पण ५३५ चा उंचवटा नाही आणि चढ अधिक स्वच्छ.

आणि तो गुडघाभर पट्टा? त्याचा वक्र निराळ्याच जातीचा निघाला. ५८० पर्यंत अगदी सपाट, ६०० पाशी भिंत चढावी तसा उभा चढ, वर ८० टक्क्यांच्या जवळपास पठार. खांदा नाही. ८६० ला खोलगा नाही. सेंद्रिय रंगद्रव्याचा इमल्शन पेंट. दिवसाच्या उजेडात तीन आकडे जुळले, कारण हिरव्या-पिवळ्यातली कमी लालमधल्या भरीने तोलली गेली. समईच्या ज्योतीत निळा जवळपास नसतो आणि लाल भरपूर असतो, म्हणून तो तोल ढळतो. आरतीला दिसणाऱ्या भडकपणाचा खुलासा या एका आलेखात आहे. तो छापून समितीच्या बैठकीत ठेवला. समजावायला फारसं बोलावं लागलं नाही.

८ डिसेंबर

पांढरा. शंका अशी होती की पांढऱ्यातही कुठे कुठे चुना नसून पेंट आहे. दृश्य प्रकाशात दोन्ही उंच आणि सपाट. फरक जांभळ्याच्या पलीकडच्या काठावर आहे. आजच्या बहुतेक पांढऱ्या पेंटमध्ये रुटाइल जातीचं टायटॅनियम डायऑक्साइड असतं. ते ४३० नॅनोमीटरला लख्ख पांढरं, ४०० च्या आसपास कोसळतं आणि ३८० ला जवळजवळ काळं होतं. चुना, म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन बनलेलं कॅल्शियम कार्बोनेट, तिथे कोसळत नाही. धूळ आणि धुरामुळे हळूहळू उतरतो, एवढंच.

हॅलोजन इथे निरुपयोगी आहे. सकाळी पूर्वेच्या दारातून भिंतीवर थेट ऊन येतं तेवढ्या वेळात काम उरकलं. उन्हात पांढरा आणि भिंत अशी वाचनं लागोपाठ घ्यावी लागतात, कारण पातळसा ढग आला तरी हिशेब बदलतो. ज्या जोडीत आधीचा आणि नंतरचा पांढरा एकमेकांशी जुळला नाही ती जोडी सरळ सोडून दिली.

चौकटीच्या वरच्या पट्टीत रुटाइलची कडा स्पष्ट मिळाली. कमळांच्या भोवतीचा पांढरा मात्र सगळा चुना आहे. हे वाचून फार बरं वाटलं. कोरीव काम अजून कुणी पेंटने भरलेलं नाही.

ऊन न मिळणाऱ्या कोपऱ्यांसाठी नोटा तपासायची ३९५ नॅनोमीटरची टॉर्च वापरली. तिचा अरुंद पट्टा भिंतीवर आणि पीटीएफईवर टाकून एकाच जागेचा एक आकडा मिळतो, आणि या प्रश्नाला तेवढा पुरतो.

२२ डिसेंबर

डाग. देवळाची भिंत म्हणजे प्रयोगशाळेतला नमुना नव्हे. तिच्यावर हळद आहे, कुंकू आहे, कोनाड्यांपाशी तेल आहे, वर काजळी आहे.

काजळी सरळ स्वभावाची. सगळ्या तरंगलांबींना सारखंच खाली ओढते, निळ्याला थोडं जास्त. तेल पाण्यासारखंच वागतं, पण सुकत नाही. लाल त्याखाली गडद आणि गहिरा होतो. तेलकट जागेचा वक्र कावेचा मूळ रंग म्हणून धरला तर दुरुस्तीचा लाल चुकीचा गडद ठरेल, म्हणून अशा जागा वेगळ्या नोंदवल्या.

हळद मात्र निराळी. हळदीतलं करक्युमिन ४२५ च्या आसपास प्रकाश शोषतं आणि त्यातला काही हिरवट-पिवळा करून परत टाकतं. म्हणजे ५२० नॅनोमीटरला परत आलेला प्रकाश ५२० लाच पडलेला नव्हता. अशा जागी परावर्तन हा एक वक्र उरतच नाही, तो दिव्यावर अवलंबून राहतो. पांढऱ्या एलईडीत ४५० ची मोठी निळी लाट असते, हॅलोजनमध्ये निळा कमी. त्यामुळे एकाच डागाचे दोन दिव्यांखाली दोन वक्र आले, आणि एलईडीखालचा हिरव्यात उंच. अशा प्रतिदीप्तीची हीच खरी कसोटी: दिवा बदला, वक्र बदलतो का बघा.

नव्या पांढऱ्या पेंटच्या पट्टीवर टॉर्च मारली तर ती निळसर उजळली. त्यात कपड्यांच्या डिटर्जंटमध्ये असतं तसं उजळ करणारं काहीतरी घातलं आहे. चुना उजळला नाही.

५ जानेवारी २०२५

ठिपक्या-ठिपक्याने संपूर्ण भिंत मोजणं शक्य नाही. आता दुसरा टप्पा: कॅमेऱ्याच्या फोटोवरून प्रत्येक जागेचा वक्र अंदाजणं.

कॅमेरा रॉ मोडमध्ये (सेन्सरचे कच्चे आकडे), एक्स्पोजर बांधलेलं, व्हाइट बॅलन्स बंद. दिवे दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवर. तरीही भिंतीवर उजेड सारखा पडत नाही, म्हणून त्याच जागी मोठा पांढरा फलक ठेवून आणखी एक फोटो काढावा लागतो आणि पहिल्याला दुसऱ्याने भागावं लागतं. बाजारातला फोमचा पांढरा बोर्ड आणून मोजला तर तो टॉर्चखाली निळा चमकला, बाद. शेवटी गवंडी काकांनी प्लायवूडवर चुन्याचे तीन हात देऊन फलक करून दिला. त्याचा वक्र स्पेक्ट्रोमीटरने घेऊन ठेवला. आमच्या कामाला यापेक्षा चांगला पांढरा मिळाला नसता.

चोवीस चौकटींचा प्रमाणित रंगतक्ताही फ्रेममध्ये ठेवला. १९७६ पासून छायाचित्रणात वापरतात तो. अठरा रंग, सहा राखाडी.

१२ जानेवारी

अंदाजाच्या गणितावर आजचा दिवस. ४०० ते ७०० नॅनोमीटर, दर १० ला एक, म्हणजे ३१ आकडे हवेत. कॅमेरा देतो तीन. तीन समीकरणांतून ३१ अज्ञात काढायची म्हणजे उत्तरं अगणित. त्यातलं एक निवडायचं तर काहीतरी आधीचं ज्ञान लागतं.

ते ज्ञान असं की निसर्गातले आणि रंगवलेले पृष्ठभाग सहसा सावकाश वळणारे वक्र देतात. जोझेफ कोहेन यांनी १९६४ मध्ये मन्सेल या प्रमाणित रंगसंग्रहातल्या रंगपट्ट्यांचे वक्र तपासून दाखवलं की त्यांच्यातला सुमारे ९९ टक्के फरक तीनच मूळ आकारांच्या बेरजेने सांगता येतो. लॉरेन्स मॅलोनी यांनी १९८६ मध्ये तीन पुरत नाहीत, पाच ते सात घ्यावेत, असं मांडलं. १९८९ मध्ये फिनलंडमधल्या संशोधकांनी १२५७ पट्ट्या मोजून आठ आकारांपर्यंत नेलं. ९९ टक्के ऐकायला पुष्कळ वाटतं. पण कावेचा खांदा त्या उरलेल्या एका टक्क्यातच बसलेला असतो.

प्रयोग केला. आधी गणिताला फक्त रंगतक्त्याचे वक्र शिकवले आणि भिंतीच्या जुन्या लालाचा अंदाज मागितला. उत्तर नीटस, गुळगुळीत, आणि खांद्याशिवाय. तक्त्यातल्या लाल चौकटीसारखं.

मग भिंतीवर आजवर मोजलेले काव, चुना, काजळी आणि तेलाचे वक्र शिकवले. प्रत्येक वेळी ज्याचा अंदाज करायचा तो बिंदू बाजूला ठेवून. आता खांदा जागेवर आला, मोजलेला आणि अंदाजलेला वक्र जवळजवळ एकावर एक.

इथेच थांबलो असतो तर फसगत झाली असती. तोच हिशेब गुडघाभर पट्ट्याला लावला, जिथे सेंद्रिय पेंट आहे हे आम्हाला ठाऊक आहे. गणिताने तिथेही छान कावेचा वक्र दिला, खांद्यासकट. दिवसाच्या उजेडासारख्या प्रकाशात तीन आकडे जुळतात आणि गणिताला कावेखेरीज लाल माहीतच नाही, मग ते दुसरं काय सांगणार? अंदाजाने दाखवलेला खांदा भिंतीवरून आलेला नसतो, आपणच शिकवलेल्या संग्रहातून आलेला असतो. कॅमेऱ्यावरून वक्र काढल्याचे सुबक आलेख बघताना विचारायचा प्रश्न हाच: शिकवलं काय होतं?

२६ जानेवारी

उपाय म्हणून दोन दिवे. तीच फ्रेम एकदा हॅलोजनखाली, एकदा पांढऱ्या एलईडीखाली. ट्रायपॉडला हात न लावता. तीनाचे सहा आकडे झाले. सहा आकडे पूर्ण स्वतंत्र नसतात, पण एलईडीतली ४५० ची लाट आणि ४८० जवळची दरी हॅलोजनमध्ये नाही, त्यामुळे नवी माहिती नक्की मिळते.

अंदाज थोडा सुधारला, पण खरा लाभ वेगळा आहे. तीन आकड्यांना तीन मूळ आकार लावले तर ते नेहमीच तंतोतंत बसतात, तक्रारीला जागाच नसते. सहा आकड्यांना चार आकार लावले तर जे बसत नाही ते शिल्लक राहतं. ती शिल्लक म्हणजे गणिताने दिलेली कबुली की हा पदार्थ माझ्या संग्रहात नाही. भिंतीच्या फोटोवर शिल्लक रंगवून पाहिली. गुडघाभर पट्टा ठळक उठला. त्याखेरीज दोन हत्तींच्या मधली एक जागा आणि तुळईखालचा एक तुकडा उठला, ज्यांवर कुणाचाच संशय नव्हता. आणि एका कोनाड्याची कडा.

दुसऱ्या दिवशी ठोकळा घेऊन तिन्ही जागी गेलो. हत्तींमधली जागा आणि तुळईखालचा तुकडा: सेंद्रिय लाल, तोच पेंट. कोनाड्याच्या कडेला मात्र काव, वर हळद आणि तेल यांचा मिश्र थर. म्हणजे शिल्लक नकाशा बोट दाखवतो, निवाडा स्पेक्ट्रोमीटरने करायचा. हीच कामाची विभागणी पुढे ठेवायची. कॅमेऱ्याने शोध, स्पर्शाच्या मापनाने खात्री, आणि खात्री झालेला वक्र परत संग्रहात.

१६ फेब्रुवारी

दुरुस्तीचा लाल. गावच्या सड्यावरची माती दळून, पाण्यात निवळून, वस्त्रगाळ केली. चुना शिंपल्यांचा, गूळ घालून भिजत ठेवलेला. गवंडी काकांनी कौलाच्या तुकड्यांवर वेगवेगळ्या प्रमाणांचे नमुने लावले, अर्धे घोटलेले, अर्धे तसेच.

प्रमाणाचा अंदाज कुबेल्का आणि मुंक यांच्या १९३१ च्या सूत्राने. परावर्तन एकमधून वजा करून वर्ग करायचा आणि परावर्तनाच्या दुपटीने भागायचं. जो आकडा येतो तो शोषण आणि विखुरण यांचं गुणोत्तर, आणि तो मिश्रणात प्रमाणानुसार बेरजेने वागतो. परावर्तन स्वतः तसं वागत नाही. ८० टक्के देणाऱ्या पांढऱ्यात शोषण दुप्पट केलं तर ते ७३ वर येतं. १० टक्के देणाऱ्या लालात दुप्पट केलं तर ५.५ वर. म्हणून चुन्यात पहिली चिमूट काव रंग झपाट्याने बदलते आणि पुढे माती ओतत गेलं तरी फरक कमी कमी दिसतो. काकांना हे हाताने ठाऊक आहे, मला आलेखाने. घोटलेल्या तुकड्यांसाठी पृष्ठभागावरच्या परावर्तनाची साँडरसन दुरुस्ती आधी लावली, नाहीतर गडद टोकाला सूत्र बिघडतं.

मी ओल्या नमुन्याचं वाचन घ्यायला ठोकळा उचलला तसे काका म्हणाले, "ओलो रंग बघून ठरवू नकात, मास्तरानू. सुकलो काय उतारतलो." तरी ओलं वाचन घेतलं, मुद्दाम. ओला किती आणि सुकल्यावर किती हे दोन्ही हाती असेल तर पुढच्या गवंड्याला भिंतीवर थापताना कोणत्या छटेवर थांबायचं ते सांगता येईल.

२२ मार्च

नमुने पूर्ण सुकले आणि त्यातल्या चुन्याचं कार्बोनेट होत आलं. पुन्हा मोजले. काकांचं म्हणणं आकड्यांत उतरलं: ६५० नॅनोमीटरला सगळे नमुने चांगलेच वर चढले, निळ्यात त्या मानाने कमी. घोटलेले तुकडे न घोटलेल्यांपेक्षा गडद राहिले.

जुन्या, तेल न लागलेल्या, कोरड्या कावेच्या वक्राशी दोन मिश्रणं जवळ येतात. त्यांतलं एक दिवसाच्या प्रमाणित उजेडात डोळ्याला अधिक जुळतं, दुसरं किंचित उजळ आहे पण वक्राचा आकार, खांदा आणि ५३५ चा उंचवटा, तंतोतंत पाळतं. मी दुसऱ्याच्या बाजूने आहे. किंचित उजळपणा धूळ आणि समयांची काजळी भरून काढेल. आकार चुकला तर तो कशानेच भरून निघणार नाही आणि प्रत्येक नव्या दिव्याखाली पुन्हा वेगळा दिसेल. काकांनी नमुने समईजवळ धरून पाहिले आणि तोच तुकडा निवडला. हिशेब ऐकायच्या आधी.

समितीने ठरवलं: पावसाळ्याआधी कुठेही हात लावायचा नाही. सेंद्रिय पेंट काढणं हे जतनतज्ज्ञाचं काम आहे, त्यासाठी माणूस बोलावायचा. त्याला द्यायची फाइल तयार केली. प्रत्येक बिंदूचा वक्र, दोन्ही दिव्यांचे फोटो, शिल्लक नकाशा, नमुन्यांची प्रमाणं, ओली आणि सुकी वाचनं. सोबत पीटीएफईच्या तुकड्याचं कोष्टक आणि ठोकळ्याची मापं, म्हणजे दुसऱ्या कुणाला हेच मापन पुन्हा करता यावं.

भिंतीच्या पायथ्याची ओल आज नोव्हेंबरपेक्षा पुष्कळ कमी आहे आणि तिथला पांढरा वरच्या पांढऱ्याच्या जवळ येऊन पोचला. पावसानंतर, ऑक्टोबरमध्ये, त्याच दोरीच्या अंतरांवर आणि त्याच ठोकळ्याने पुन्हा वाचन घ्यायचं. सकाळच्या उन्हाच्या वेळा तेव्हा बदललेल्या असतील, त्या आधी पाहून ठेवायच्या.